प्रलंबित: शून्य

मला संगणकाच्या प्रोग्रॅमची एक ओळसुद्धा लिहिता येत नाही. हे आधीच सांगते, म्हणजे हा लेख वाचून कोणी बिघडलेला लॅपटॉप बगलेत मारून गिरगावात माझ्या दाराशी येणार नाही. तरीही निवृत्तीनंतरची सहा वर्षं मी एका सॉफ्टवेअरच्या कामात घालवली आहेत. बिनपगारी, आणि घरच्यांच्या मते बिनकामी. या काळात काही हजार तक्रारी माझ्या हाताखालून गेल्या. बहुतेकींचं भलं झालं. एकीच्या बाबतीत मात्र काळाचौकीचं एक वाचनालय बंद पडायला आलं होतं, आणि त्यात दोष यंत्राचा जितका होता त्याहून जास्त माझा होता. दिवाळी अंकांत यशाच्या हकिगतींची टंचाई नसते, म्हणून मी ही लिहिते.

सॉफ्टवेअरचं नाव ‘कपाट’. लहान वाचनालयांसाठी ते केलेलं आहे. कोणती पुस्तकं आहेत, कोणी नेली, कधी परत आणली, एवढंच ते सांगतं. फुकट आहे. ते करणारी वीसपंचवीस मंडळी दिवसा पोटापाण्याचं काम करतात आणि उरल्या वेळात हे. त्यांचा म्होरक्या अमेय आमच्याच इमारतीत तिसऱ्या मजल्यावर राहतो. परळच्या एका कंपनीत मोठ्या हुद्द्यावर आहे. सहा वर्षांपूर्वी जिन्यात भेटला तेव्हा रडकुंडीला आलेला होता.

“नीलाताई, नऊशे बग साठलेत. कोणी वाचायलाच तयार नाही.”

“बग म्हणजे?”

“दोष. लोकांनी कळवलेल्या तक्रारी. नवीन काही करायचं म्हटलं की सगळे प्रोग्रॅमर धावत येतात हो. जुनं निस्तरायला बोलावलं की प्रत्येकाच्या घरी पाहुणे येतात.”

मी फोर्टमधल्या एका कचेरीत चौतीस वर्षं आवक-जावकच्या टेबलावर काढली. आलेला कागद नोंदवायचा, त्याला नंबर द्यायचा, योग्य टेबलाकडे ढकलायचा, आणि तो तिथे जिवंत आहे की मेला हे अधूनमधून पाहून यायचं. नऊशेचा आकडा ऐकून मला भीती वाटली नाही. माहेरी आल्यासारखं वाटलं.

बाहेरच्यांना वाटतं की दोष दुरुस्त करणं हे अवघड काम. ते अवघड असेलही, पण त्याआधी दोष आहे की नाही हे ठरवावं लागतं, आणि तिथेच खरी मारामारी. माणूस लिहितो, ‘कपाट चालत नाही.’ यातून काहीही निघू शकतं. गिरगावातल्याच एका बाईंनी कळवलं होतं, ‘काल चाललं, आज चालत नाही. मधे काय केलंत ते तुम्हालाच ठाऊक.’ चार पत्रं झाल्यावर निघालं की त्यांच्या इमारतीची वीज गेलेली होती, आणि बाई आम्हाला मोबाइलवरून लिहीत होत्या. एक निवृत्त शिक्षक सकाळी तक्रार पाठवत, दुपारी तिचं उत्तर स्वतःच शोधून कळवत आणि संध्याकाळी आमचे आभार मानत. त्यांच्यासारखे दहा असते तर माझी गरजच उरली नसती.

तक्रार आली की मी पाच प्रश्न विचारते. काय करत होता? काय व्हायला हवं होतं? काय झालं? दर वेळी होतं का? कधीपासून? उत्तरं आली की ती प्रोग्रॅमरकडे जाते. न जाणाऱ्यांसाठी चार शिक्के असतात: ‘माहिती अपुरी’, ‘तीच तक्रार पुन्हा’, ‘आमच्याकडे घडत नाही’ आणि ‘हे असंच चालायला हवं’. चौथा माझा लाडका. आमच्या कचेरीतही तो होता, फक्त तिथे तोच मजकूर लिहायला दीड पान लागायचं. शिक्का बसला की तक्रार बंद. कचेरीच्या भाषेत दप्तरी दाखल.

आमची मुख्य प्रोग्रॅमर शर्वरी. दादरला राहते, मोजकं बोलते आणि त्यातलं निम्मं ‘का?’ असतं. पहिल्या वर्षी आमचं भांडणच होतं. तिला गमतीदार दोष आधी हवे असत. मी म्हणे, आलेल्या नंबरानं घे. “ताई, ही रेशनची लाइन नाहीये,” ती म्हणायची. मी म्हणायची, “लाइनच आहे. फक्त उभे राहिलेले आपल्याला दिसत नाहीत.” हळूहळू ती नंबरानं घ्यायला लागली आणि नऊशेचे चारशे झाले. अमेयनं खूश होऊन मला एक इंग्रजी पद दिलं. ते मी घरी सांगितलेलं नाही.

आता त्या नियमाविषयी. दादरच्या एका वाचनालयात कारकुनाचा हात फार चालायचा. एकाच्या नावावर पुस्तक टाकायचा, चूक कळली की लगेच परत आल्याचं दाखवायचा आणि दुसऱ्याच्या नावावर टाकायचा. त्यामुळे ज्यांनी पुस्तकाला हातही लावला नाही ते वाचक म्हणून मोजले जात. तिथल्या चिटणिसांची दोन पानी तक्रार आली, ‘सप्रेम नमस्कार’पासून ‘कळावे, लोभ असावा’पर्यंत. उपाय मीच सुचवला. पुस्तक गेल्यापासून पाच मिनिटांत परत आलं, तर ती चुकीची नोंद समजून कपाटानं आपोआप रद्द करावी. पाच मिनिटांत पुस्तक वाचून कोण परत आणतो? शर्वरीनं एकदाच ‘का?’ विचारलं आणि करून टाकलं. दादरला भरणाऱ्या आमच्या बैठकीत टाळ्या वाजल्या. प्रोग्रॅम न येणाऱ्या बाईनं सुचवलेला नियम म्हणून त्या जरा जास्तच वाजल्या, आणि मलाही जरा जास्तच आवडल्या.

गेल्या वर्षी कपाटाला दहा वर्षं पूर्ण होत होती. अमेयनं दादरला एक हॉल घेतला. माहिती-तंत्रज्ञानातले कोणी मोठे गृहस्थ पाहुणे म्हणून यायचे ठरले, शाल आणि श्रीफळ ठरलं. शिवाय अमेयच्या डोक्यातून एक कल्पना निघाली. व्यासपीठामागे मोठा पडदा, त्यावर तक्रारींचा चालू आकडा थेट दिसणार. ‘प्रलंबित: शून्य.’

“तीनशे दहा आहेत अजून,” मी म्हटलं.

“दोन महिने आहेत, ताई. तुमच्या हातात आहे.”

मी नाही म्हणायला हवं होतं. साल संपताना कचेरीत साहेबांना टेबलं रिकामी दाखवण्यासाठी काय काय दप्तरी दाखल होतं, हे माझ्याइतकं कोणाला ठाऊक? पण शून्य या आकड्यात काहीतरी आहे. मी शिक्के काढले. ज्या तक्रारदाराकडून महिनाभर उत्तर नाही, तो बंद. जी तक्रार दुसरीसारखी दिसते, ती बंद. माझा हात त्या दादरच्या कारकुनापेक्षा चांगला चालायला लागला.

त्या बंद केलेल्यांत काळाचौकीच्या परबांच्या तीन होत्या. परब एका चाळीच्या मंडळाचं वाचनालय सांभाळतात. वडील गिरणीत होते, स्वतः एका बँकेत शिपाई होते आणि निवृत्तीनंतर ही एक खोली आणि अडीच हजार पुस्तकं. पहिल्या तक्रारीत एकच ओळ होती: ‘आमचे वाचक गायब होतात.’ मी पाच प्रश्न पाठवले, उत्तर आलं नाही. माहिती अपुरी. दुसरी आली: ‘वाचक अजून गायब होत आहेत.’ तीच तक्रार पुन्हा. पहिली बंद होती म्हणून दुसरीही बंद, या न्यायातली गंमत तेव्हा माझ्या लक्षात आली नाही. तिसरीत त्यांनी सविस्तर लिहिलं की शंभराच्या वर माणसं पुस्तकं नेतात आणि वर्षाच्या यादीत अकराच दिसतात. शर्वरीनं तिच्याकडे करून पाहिलं, शंभरच्या शंभर दिसले. आमच्याकडे घडत नाही.

समारंभ रविवारी सकाळी होता. गुरुवारी दुपारी आकडा शून्यावर आला. अमेयनं पेढे वाटले. शुक्रवारी परबांचा निरोप आला. तक्रार म्हणून नव्हे, टपालानं आलेलं साधं पत्र, खाली फोन नंबर:

‘मॅडम, आमची तक्रार तीन वेळा बंद केल्याबद्दल आभार. येत्या रविवारी संध्याकाळी मंडळाची सभा आहे. वाचक अकराच असल्यामुळे वाचनालयाची खोली कार्यालयासाठी घेणार आहेत. वाचनालयही बंद होत असल्याने आपल्याला यापुढे त्रास होणार नाही.’

पत्रात कुठेही राग नव्हता, हेच वाईट होतं. चौतीस वर्षांत मी शिव्यांची पत्रं पुष्कळ नोंदवली आहेत, ती अंगाला लागत नाहीत. हे लागलं. मी फोन केला.

“परब, मी कपाटमधून नीला बोलतेय. माझ्या पाच प्रश्नांना उत्तर का नाही दिलंत हो?”

“कधी विचारलात?”

“ईमेलवर.”

“कपाटात आम्हाला ‘बंद’ एवढंच दिसतं. ईमेल मंडळाचा, मॅडम. त्याचा पासवर्ड मागच्या सेक्रेटरीकडे. ते गेले विरारला.”

“बरं, रविवारी सकाळी तुम्ही काय करता?”

“नेहमीचंच. आठवड्याची पुस्तकं कम्प्युटरवर चढवतो.”

‘आठवड्याची’ हा शब्द माझ्या कानावरून गेला, डोक्यात शिरला नाही. पण आवक-जावकचा एक जुना शिरस्ता होता. कागद तीनदा परत आला की चौथ्यांदा त्याच्यावर काही लिहायचं नाही, उठून त्या माणसाच्या टेबलाशी जाऊन उभं राहायचं. मी अमेयला कळवलं की रविवारी येत नाही. त्याला वाटलं पहिल्या रांगेत जागा दिली नाही म्हणून रागावले.

रविवारी दहाला मी काळाचौकीला पोचले. तळमजल्याची खोली, भिंतीला लोखंडी मांडण्या, पुस्तकांना खाकी कव्हरं आणि दाराशी खिळ्याला टांगलेली शाळेतली मोठी पाटी. पाटीवर बारीक अक्षरात ओळी: पुस्तकाचा नंबर, वाचकाचं नाव, खोली नंबर, नेलं तो वार, आणलं तो वार.

“ही कशाला?” मी विचारलं.

“मग लिहिणार कशावर?” परब म्हणाले. उंच, किडकिडीत, शर्टाच्या खिशात खडू. “कम्प्युटर आला तेव्हा अध्यक्षांनी सगळ्या वह्या रद्दीत घातल्या. म्हणाले, आपण आता पेपरलेस. कम्प्युटर ठेवला मंडळाच्या हापिसात, कुलपात. चावी खजिनदाराकडे. खजिनदार येतात रविवारी. मग मी आठवडाभर पाटीवर लिहितो आणि रविवारी एकदम चढवतो. पुस्तक शनिवारपर्यंत परत आणायचं, असा आमचा नियमच आहे. चढवला की पाटी पुसायची.”

त्यांनी चहा मागवला. मला प्रोग्रॅम करता येत नाही हे मी चहा पितानाच सांगून टाकलं. मग त्यांनी पाटी खांद्याला लावली आणि आम्ही दोन दारं सोडून मंडळाच्या कार्यालयात गेलो. परब एका बोटानं टाइप करत होते, पण बोट ठाम होतं. पहिली ओळ: खोली बेचाळीसच्या दळवीबाई. सोमवारी नेलं, गुरुवारी आणलं. परबांनी ‘नेलं’ दाबलं. मग ‘आणलं’ दाबलं. दोन्हींत पाऊण मिनिट गेलं असेल.

आणि ओळ पडद्यावरून नाहीशी झाली.

“बघा,” परब म्हणाले. “गेली.”

मी खुर्चीत मागे टेकले. पाच मिनिटांत पुस्तक वाचून कोण परत आणतो? दळवीबाई आणतात. रविवारी सकाळी, परबांच्या बोटानं. आठवडाभरात पुस्तक वाचून परत करणारा प्रत्येक माणूस कपाटाच्या, म्हणजे माझ्या, मते चुकीची नोंद होता. उरले ते अकरा, म्हणजे ज्यांनी पुस्तक रविवारपलीकडे दाबून ठेवलं ते. शर्वरीकडे हे घडलं नव्हतं, कारण तिनं शंभर पुस्तकं नेल्याचं दाखवलं आणि परत करायच्या भानगडीत ती पडलीच नाही.

“या यादीत पहिलं नाव कोणाचं?” मी विचारलं.

“अध्यक्षांचं. वर्षभर अखंड वाचन, असं छापून येतं.” परबांनी आवाज उतरवला. “जाडजूड पुस्तक आहे. तीन वर्षं त्यांच्या शोकेसमध्ये उभं आहे. काच पुसतात, पण उघडला नाय कधी.”

“परब, दोष तुमचा नाही. माझा आहे.”

“तुम्ही तर प्रोग्रॅम करत नाय म्हणालात.”

“त्याशिवायच केला.”

मी तिथूनच फोनवर तक्रार उघडली. माझ्या नावानं, पाचही प्रश्नांची उत्तरं देऊन, ‘तातडीचे’ हा शिक्का मारून. मिनिटभरात अमेयचा फोन. मागे सनई वाजत होती.

“ताई! कोणीतरी बग टाकलाय! पडद्यावर एक आलाय! पाहुणे आत्ता हार घालून घेतायत!”

“मीच टाकलाय. शर्वरीला दे.”

“ताई, तासाभरानं टाका ना, प्लीज. आत्ता बंद करा, मग पुन्हा—”

“अमेय, ती तीनदा बंद केलेली आहे. चौथ्यांदा नाही करणार. शर्वरीला दे.”

शर्वरी पडद्याचा लॅपटॉप सांभाळत मंचाच्या बाजूला बसली होती. मी सगळं सांगितलं.

“का?” असं तिनं विचारलं नाही. म्हणाली, “अरे देवा. पाटी.”

“रद्द झालेल्या नोंदी गेल्या का कायमच्या?”

“कपाट काही फेकत नाही, ताई. झाकून ठेवतं. सगळ्या आहेत आत. त्यांच्या वाचनालयापुरता नियम काढते आणि झाकलेलं उघडते. सभा किती वाजता?”

“पाचला.”

“पुरे. आता पाहुणे बोलायला उठतायत.”

पाहुण्यांचं भाषण तासभर चाललं. भविष्य, विश्वगुरू, डिजिटल क्रांती, सगळं झालं. मोठ्या माणसांच्या लांब भाषणांविषयी माझं मत तुम्ही एव्हाना ओळखलं असेल, पण त्या दिवसापासून मी त्यात दुरुस्ती केली आहे. त्यांनी वीस मिनिटांत आटोपलं असतं तर शर्वरीला सत्काराच्या फोटोत उभं राहावं लागलं असतं. नंतर कळलं की पडद्यावरच्या त्या एकाकडे बोट दाखवून पाहुणे म्हणाले, ‘पाहा, यांचा एकही दोष लपलेला नाही.’ अमेयला पहिल्यांदा त्या दिवशी टाळ्या मिळाल्या त्या याच वाक्याला.

दुपारी परबांच्या घरी जेवले. मी आढेवेढे घेतले तर त्यांच्या पत्नी म्हणाल्या, “सकाळपासून फोनवर बोलतास. आता जेवल्याशिवाय जाव नका.” बांगड्याचं तिखलं होतं. तीन वेळा ज्याची तक्रार बंद केली त्याच्या घरी दुसऱ्यांदा भात मागून घेणं जरा अवघड गेलं, पण घेतला.

साडेचारला यादी छापली. एकशे अठ्ठेचाळीस नावं. परबांनी ती दोन्ही हातांत धरली आणि वरपासून खालपर्यंत एकेक नाव मोठ्यानं वाचत गेले, हजेरी घ्यावी तसे. हरवलेली माणसं एकेक करून घरी येत होती. मी खिडकीबाहेर पाहत होते.

सभेला पन्नासेक लोक होते. अध्यक्ष उभे राहिले. खादी, अत्तर, बोटांत अंगठ्या. म्हणाले, वाचनसंस्कृती आपल्या सर्वांनाच प्रिय आहे, परंतु आकडे बोलतात. परबांनी उठून नवी यादी त्यांच्या हातात दिली. पहिलं नाव खोली बेचाळीसच्या दळवीबाईंचं. आठवड्याला तीन पुस्तकं. शेवटचं अध्यक्षांचं: एक पुस्तक, अद्याप परत नाही.

अध्यक्ष वाचत राहिले. मागून कोणी तरी ओरडलं, “काय हो साहेब, आकडे बोलायचे थांबले काय?”

“ही यादी बरोबर कशावरून?” अध्यक्ष म्हणाले.

तेव्हा सत्तरीच्या दळवीबाई उठल्या. “माझ्यावरून. एवढे दिवस मी रद्द होते काय रे? मेलेल्यांत घातलेलंस काय मला?” हशा पिकला तो थांबेना. त्यानंतर ठराव मांडायला कोणी उभंच राहिलं नाही. खोली वाचनालयाकडे राहिली, आणि संगणकही कुलपातून निघून तिथेच आला. पाटी मात्र परबांनी उतरवली नाही. म्हणाले, राहू दे, मला विश्वास बसेपर्यंत.

मला त्या सभेत कोणी ओळखत नव्हतं, ते बरं झालं. परबांनी आभार मानले असते तर कुठे तोंड लपवलं असतं?

सोमवारी सकाळी मी बसले आणि दोन महिन्यांत बंद केलेल्या बाकीच्या जवळजवळ तीनशे तक्रारी पुन्हा उघडल्या. बहुतेक खरंच बंद करण्याजोग्या होत्या, आज नव्वद उरल्यात. पण काहींना मी आता फोन करते, आणि पाच प्रश्नांत सहावा घातला आहे: तुम्ही हे काम कधी आणि कसं करता? त्याला जी उत्तरं येतात त्यांचा वेगळा लेख होईल. वाचनालयं काय काय करतात याची दादरच्या बैठकीत बसून कल्पना येत नाही.

तुमच्या कपाटात प्रलंबित शून्य नसतं का, असं परवा एकानं विचारलं. नसतं. निदान एक तरी असते. ती काळाचौकीच्या अध्यक्षांची. सभेनंतर आठवडाभरानं त्यांनी रीतसर तक्रार पाठवली: ‘नव्या दुरुस्तीनंतर माझे नाव यादीत शेवटी दिसते. पूर्वी पहिले दिसत असे. कृपया पूर्ववत करावे.’ माझा लाडका चौथा शिक्का हातात आला होता. तो मी खाली ठेवला आणि उत्तर लिहिलं: ‘पुस्तक परत करून पुढचं न्यावं, नाव आपोआप वर सरकेल. तोवर तक्रार उघडी ठेवत आहोत.’

वर्ष होत आलं. शर्वरी अधूनमधून विचारते, “ताई, ही बंद करू का? उत्तर नाही आलंय त्यांचं.”

मी म्हणते, “थांब. उत्तर नकोच आहे. पुस्तक यायचंय.”